तांबडी कडी की झाकणाची डबी

टोपीत अडकला म्हणून निभावलं. बोटभर खाली आला असता तर गळ ठकूच्या कानात रुतला असता. आणि मग काय काय झालं असतं, ते ठकूच्या आईने त्या दिवशी भांडी विसळताना, कपडे वाळत घालताना, दात घासताना मनात इतक्या वेळा पाहिलं, की रात्रीपर्यंत ते खरंच होऊन गेलंय असं तिला वाटायला लागलं.

झालं होतं ते एवढंच. रविवारी सकाळी आजोबा आणि नात तळ्यावरून परत आले. पुढे खांद्यावर गळाची काठी घेतलेले आजोबा, मागे ठकू. जिन्याच्या वळणावर आजोबा वळले, काठी वळली, आणि काठीवरच्या कडीत नुसताच अडकवलेला गळ सुटला तो लोंबत येऊन ठकूच्या लोकरी टोपीत बसला. ठकूला वाटलं, आजोबांनी गंमत केली. "मी मासा! मी मासा!" करत, तोंडाचा चंबू करून ती दारात उभी राहिली. आईने दार उघडलं तेव्हा दोरीच्या एका टोकाला आजोबा हसत होते आणि दुसऱ्या टोकाला लेक.

आई हसली नाही. तिने कात्री आणली, दोरी कापली, टोपीची वीण उसवून गळ बाहेर काढला आणि तो चिमटीत धरून म्हणाली, "बाबा, हा नीट अडकवून ठेवायची सोय झाल्याशिवाय ठकू तळ्यावर येणार नाही."

"बरं," आजोबा म्हणाले.

ठकू हे काही कागदावरचं नाव नव्हे. दवाखान्यातून आणलेलं बाळ पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा आजोबा म्हणाले होते, "अरे, ही तर ठकी! बाहुलीच की." तेवढं पुरलं. शाळेतल्या बाईसुद्धा आता चुकून ठकू म्हणायच्या.

आजोबा म्हणजे जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. "पट्टी लावून रेघ कुणीही ओढेल," असं म्हणायचे, आणि हवेतच बोटाने एक सरळ रेघ ओढून दाखवायचे. सासूबाई गेल्यावर ते मुलाच्या दोन खोल्यांच्या घरात राहायला आले, ते एक पेटी आणि दोन काठ्या घेऊन. त्या घरात एकाचं कोपर दुसऱ्याला लागल्याशिवाय दिवस मावळत नसे. पण रविवारची सकाळ त्या दोघांची होती. ठकू शनिवारीच बूट दारापाशी आणून ठेवायची. तिथे जाऊन काय करता, असं विचारलं तर म्हणायची, "काही नाही. बसतो." मासा क्वचितच लागायचा आणि लागला तरी पाण्यातच परत जायचा. पण तळ्यावरून आलेली ठकू दिवसभर शहाण्यासारखी वागायची, हट्ट करायची नाही, आणि जेवताना तिची बडबड ऐकत आजोबाही दोन घास जास्त खायचे. घरात दुसरं काही बिनसलेलं असलं तरी रविवारची सकाळ सगळं सावरून घ्यायची.

ही सकाळ बंद पडावी असं आईला मुळीच वाटत नव्हतं. तिला फक्त गळाची भीती वाटत होती.

तशी तिला बऱ्याच गोष्टींची भीती वाटायची. टाचणी पडली तर आवाजाच्या आधी ती हिला दिसायची. टेबलाच्या कोपऱ्यांना तिने स्पंज चिकटवला होता, द्राक्षं ती उभी चिरून द्यायची, आणि ठकू झोपल्यावर तिच्या नाकाशी बोट धरून पाहिल्याशिवाय तिला स्वतःला झोप यायची नाही. नवरा म्हणायचा, "तुला खरं तर विमानतळावर ठेवायला हवं. तपासणीला."

गळाच्या बाबतीतही तो हसण्यावारी न्यायला लागला. "अगं, माझं सगळं लहानपण त्या काठीच्या मागे गेलं. बघ, दोन्ही कान जागच्या जागी आहेत."

"तुझं नशीब थोर. मी नशिबाच्या भरवशावर पोर वाढवत नाहीये."

"मग काठीला म्यान शिवून घे."

"तसलं काहीतरी मिळतंच," ती म्हणाली, आणि शोधायला बसली.

ती शिकलेली होती. शोधायचं कसं ते तिला माहीत होतं. तिला कळलं ते असं: काठी घेऊन चालताना गळ मोकळा सुटू नये म्हणून तो अडकवायची जागा नव्या काठ्यांना मुठीच्या वर मुळातच असते. जुन्यांना नसते. त्यांना ती वरून बसवता येते. तिला हुक कीपर म्हणतात, आणि काठीभोवती रबराच्या वळ्यांनी ती घट्ट बसते. आजोबांच्या काठ्या जुन्या. ते आयुष्यभर मुठीच्या बुचातच गळ टोचून ठेवत आले. आता ते बूच टोचून टोचून इतकं भुसभुशीत झालं होतं की त्यात गळ धरत नसे. म्हणून मग वरच्या कडीत अडकवायला लागले, आणि म्हणून टोपी.

आठवडाभर ती हुक कीपर या विषयात बुडाली. लोकांची मतं वाचली, व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिले. तारेच्या कडीचे, लोहचुंबकाचे, झाकणाचे. जेवताना ती म्हणाली, "लोहचुंबकाचा नकोच, धक्का बसला की सुटतो म्हणे," तर नवरा ठकूला म्हणाला, "बाळा, आईला आता मासेमारी खात्यात बढती मिळणार."

शनिवारी ती, आजोबा आणि ठकू दुकानात गेले. चिंचोळं दुकान, रबराचा आणि तेलाचा वास, भिंतीभर टांगलेल्या काठ्या, आणि गल्ल्यामागे एक जाडजूड, बोलघेवडा दुकानदार. त्याने कीपरचा आख्खा खण उपसून काचेवर ओतला.

"घ्या ताई, मनसोक्त बघा. हे चपलेसारखं असतं. ज्याचं त्यालाच कळतं, कुठली चावते ते."

ताईंनी एकेक उचलून पाहायला सुरुवात केली. दुकानदाराकडून एक गळ मागून घेतला, प्रत्येकात अडकवला, हलवला, ओढला, उलटा धरून झटकला. दुकानदार गालातल्या गालात हसत राहिला. "ताई, मासा एवढी धडपड करत नाही हो."

आजोबांनी ढिगातून एकच वस्तू उचलली. जाड तारेची मोठी कडी, अंगठीएवढी, वर तांबडंभडक प्लास्टिक चढवलेलं. ती त्यांनी बोटात घालून फिरवली, अंगठ्याने चाचपली.

"ही बरी आहे."

"बाबा, हिच्यात गळाचं टोक उघडंच राहतं की."

"राहतं. पण कुठे आहे ते कळतं."

"कळून काय करायचंय? टोचायचं ते टोचणारच. हे बघा." तिने त्यांच्यापुढे एक इवलीशी राखाडी डबी धरली. गळ आत ठेवायचा, झाकण दाबायचं, टक्. बंद झाल्यावर टोक नाही, तार नाही, काही नाही. काठीला जणू एक गुळगुळीत गाठ आलेली. "हिच्यावर ठकू पडली तरी काही होणार नाही."

आजोबांनी डबी हातात घेतली आणि तोंड वळवून पलीकडच्या भिंतीवरच्या काठ्यांकडे पाहायला लागले. ही त्यांची अलीकडची खोड होती. ती बोलायला लागली की हे दुसरीकडेच बघणार. सुरुवातीला तिने मनावर घेतलं नव्हतं. पुढे पुढे मात्र लागायला लागलं. नवऱ्यापाशी एकदा बोललीही होती, "बाबा माझ्याकडे धड बघून बोलतसुद्धा नाहीत रे. मी एवढी काय वाईट आहे?" तो म्हणाला होता, "पाट्या रंगवणारा माणूस गं तो. भिंतींशी बोलायची सवय."

"तांबडीच घे ना," आजोबा भिंतीकडे बघत म्हणाले.

"काका, ताई अशा ऐकायच्या नाहीत," दुकानदाराने मध्ये तोंड घातलं. "जरा गळ घाला त्यांना!"

आजोबा हसले. "गळ टाकायचा तो माशांना. माणसांना गळ घालायची नाही, हे आपलं तत्त्व."

सगळेच हसले. ठकूला कळलं नाही, पण तीही हसली. त्या हसण्यातच आजोबांनी पुन्हा एकदा, अगदी हळू, म्हटलं, "ही बरी होती," आणि कडी बोटातून काढून ढिगावर ठेवली.

आईने झाकणाच्या दोन डब्या घेतल्या, दोन काठ्यांना दोन.

घरी येऊन तिनेच त्या बसवल्या, आणि शिकवल्याही. "हे बघा बाबा. आधी बाक, मग टोक, मग टक्." गळाचा बाक खाचेत, टोक खाली, झाकण बंद. आजोबांनी करून पाहिलं. त्यांची बोटं डबीच्या भोवती भोवती फिरली, झाकणाची कड काही नखाला लागेना. बाक खाचेत जायच्या ऐवजी टोकच आधी बोटात गेलं. त्यांनी बोट विजारीला पुसलं.

"बोटं जाडी झालीत आता," ते म्हणाले.

"अहो, तुम्ही खिडकीकडे बघताय, मग कसं जमेल? हाताकडे बघा ना."

"बघतो."

"होईल सवय."

"होईल की. न व्हायला काय झालं?"

आणि झालीही, असं तिला वाटलं. पुढच्या रविवारी दोघं परत आले तेव्हा तिने दारातच आधी काठी तपासली. डबी बंद. त्याच्या पुढच्या रविवारीही बंद. असे कितीतरी रविवार गेले. दर वेळी गळ जागच्या जागी, झाकण घट्ट, काठी गुळगुळीत. आजोबा आणि ठकू खाली गेले की ती खिडकीत उभी राहायची बंद झाली. अंथरुणात पडून राहायला लागली. जिथून तिने ती सगळी मतं वाचली होती तिथे जाऊन तिने स्वतःचंही मत लिहिलं: लहान मुलं असलेल्या घरासाठी उत्तम, डोळे झाकून घ्या. पाच तारे.

मग एका दुपारी ती कपड्यांच्या घड्या करत बसली होती. ठकू जमिनीवर खेळत होती. कापडी अस्वलाला तिने ठकू केलं होतं आणि स्वतः आजोबा झाली होती. आवाज जाड काढून, हातात कपड्याचा चिमटा धरून म्हणत होती, "ठकू, ये गं बाळा. लाव बरं गळ. आजोबांची बोटं जाडी झालीत."

मग अस्वलाचा चिरका आवाज. "आधी बाक, मग टोक, मग टक्!"

"शाब्बास! आता आईने विचारलं तर काय सांगायचं?"

"आजोबांनी लावला!"

आईच्या हातातली घडी मोडली.

"ठकू, इकडे ये. हात दाखव."

ठकूने मागे घेतलेले हात आईने पुढे ओढून उजेडात धरले. अंगठ्याच्या पेरावर एक बारीक काळा ठिपका, शेजारी दुसरा, जुना. रोज रात्री ठकूला झोपवताना ती या हाताची पापी घ्यायची.

"हे कधी लागलं?"

"दुखत नाही ते. आजोबांनी फुंकर मारली."

ती गॅलरीत गेली. आजोबा खुर्चीत बसले होते.

"बाबा, तळ्यावर गळ कोण लावतं?"

"ठकू लावते," ते म्हणाले.

त्यानंतर ती जे बोलली ते सगळं तिला पुढे शब्दन् शब्द आठवत राहिलं; विसरावं म्हटलं तरी विसरता आलं नाही. "गळापासून पोर लांब राहावी म्हणून मी ती डबी आणली. गावभर शोधून आणली. आणि तुम्ही गळच तिच्या हातात दिलात? एक झाकण लावायचा कंटाळा? वर तिला खोटं बोलायला शिकवलंत. तुमच्या हौसेपायी माझ्या लेकीची बोटं फोडायची का?" ठकू मागोमाग येऊन दारात उभी होती. आईने तिचा तो हात धरून वर केला. "आणि तू गं, ऐक. गळ म्हणजे खेळणं नाही. आत गेला की तो तसा बाहेर येत नाही, मांस घेऊन येतो. डोळ्यात गेला तर डोळा घेऊन येतो. कळलं? बघ माझ्याकडे. कळलं?"

ठकूने मान हलवली. तिचे डोळे मोठे झाले होते.

आजोबा म्हणाले, "चुकलं माझं." आणि नेहमीसारखं तोंड वळवलं.

तेव्हा मात्र तिचा तोल गेला. "तोंड फिरवू नका, बाबा! मी तुमच्याशी बोलतेय. निदान आता तरी माझ्याकडे बघा."

"तोंड नाही फिरवलं गं," आजोबा म्हणाले. "तुलाच बघतोय."

तिने ठकूचा हात सोडला.

"सरळ बघितलं की तू जातेस. मधोमध धुकं बसलंय. जरा बाजूला बघितलं की कडेने दिसतेस. पुरती नाही. साडी की ड्रेस ते कळतं. रागावली आहेस ते कळतं."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, आणि ती होत नव्हती.

"कधीपासून?"

"झाले की बरेच दिवस. आधी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मग म्हटलं, नसेल."

"मग सांगायचं नाही का, बाबा?"

"सांगितलं असतं, तर ठकूला माझ्याबरोबर सोडली असतीस?"

तिने खरं उत्तर शोधलं, आणि ते सापडताच तिला कळलं की ते यांना आधीपासूनच माहीत आहे.

"तेच," आजोबा म्हणाले. "आणि तुझं बरोबरच आहे. मी असतो तर मीही सोडली नसती. लबाडी केली मी. पोरीच्या बोटाला लागलं तेव्हाच थांबायला हवं होतं. म्हटलं, अजून एक रविवार." ते उठले, भिंतीला हात लावत आत गेले, काठ्या उचलून त्यांनी कपाटावर ठेवल्या आणि हात झटकले. "झालं. संपलं."

नवरा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. गेलेली नजर परत यायची नाही, राहिलेली राखू, असं डॉक्टर म्हणाले. इंजेक्शनं सुरू झाली. नवरा घरी येऊन बराच वेळ बूट न काढता बसून राहिला. "मला पण दिसलं नाही गं," म्हणाला. "रोज समोर बसून जेवतोय." पण त्याच्या म्हणण्याने तिचं समाधान होईना. तो न बघणाराच होता. घरात बघायचं काम हिचं. हिने चहा कपाच्या बाहेर सांडताना पाहिला होता, आणि म्हातारपण म्हणून फडकं दिलं होतं. घड्याळात किती वाजले ते आजोबा ठकूला विचारायचे, तेव्हा हिला कौतुक वाटलं होतं, कशी शिकवतायत नातीला. सगळं पाहिलं होतं तिने, आणि प्रत्येक वेळी ठकूच्या अंगाने पाहिलं होतं: ठकूला भाजेल का, ठकूला लागेल का. चहा कुणाच्या हातून सांडला, हे पाहिलंच नव्हतं.

आणि ते दुकान. ते तर तिच्या डोक्यातून जाईना. तांबडीभडक, अंगठीएवढी, अंगठ्याला न बघता लागणारी कडी. कुठे आहे ते कळतं, म्हणाले होते. तीनदा मागितली होती त्यांनी ती, ज्याला कुणापुढे कधी शब्द टाकायची सवय नाही अशा माणसाने. आयुष्यात एकदाच गळ घातली, तीही हळू, सगळे हसत असताना. आणि ती हिला ऐकू आली होती. ऐकू आली नाही असं म्हणायचीसुद्धा सोय नव्हती. तांबडी कडी घेतली असती तर त्यांचा गळ त्यांनीच लावला असता. ठकूच्या हातात तो जायचं कारणच पडलं नसतं. टोक उघडं राहिलं असतं, पण आजोबांच्या ताब्यात राहिलं असतं. ही एवढी साधी गोष्ट आठवडाभर वाचूनही तिला कळली नव्हती, कारण ती कीपर शोधत होती तो काठीसाठी. काठी ज्याच्या हातात असणार त्याला एकदाही विचारलं नव्हतं, "तुम्हाला कुठला जमेल?"

रविवार आले आणि गेले. आजोबा सकाळी वेळेवर उठायचे, दाढी करायचे आणि खुर्चीत बसायचे. घरातलं हसणं-बोलणं चालू होतं, पण पाहुण्यांसमोर चालतं तसं. ठकूने शनिवारी बूट दारापाशी ठेवणं सोडलं. आईने त्याचं कारण स्वतःलाच सांगून टाकलं: जायचं नाही हे पोरीला समजलंय, शहाणी आहे.

शेवटी ती एकटीच दुकानात गेली.

"या ताई! डबी चावली वाटतं?" दुकानदार म्हणाला. तिचा चेहरा बघून त्याने पुढची थट्टा गिळली आणि खण पुढे सरकवला. ढिगात तांबडी कडी शोधावी लागली नाही. लांबूनसुद्धा नजरेत भरत होती.

घरी येऊन तिने काठी कपाटावरून काढली, डबी उतरवली, कडी बसवली आणि काठी आजोबांच्या मांडीवर ठेवली. आजोबांचा हात मुठीवरून वर सरकला, अंगठा कडीला लागला आणि तिथेच थांबला. त्यांनी दोरी ओढून गळ आणला आणि अडकवला. एकदा, दोनदा, न बघता.

"अरे, जमलं की!"

"आपण तिघं जाऊ, बाबा. मीही येते. मी लांब बसेन, मध्ये मध्ये करणार नाही."

"तू आणि मध्ये मध्ये करणार नाहीस?" आजोबा हसले. कितीतरी दिवसांनी त्या आवाजात मिस्कीलपणा आला होता. "बघू, किती वेळ टिकतंय."

तिला वाटलं, झालं. थोडं उशिरा, पण झालं. रविवारी ती सगळ्यांच्या आधी उठली. पाण्याची बाटली भरली, ठकूचे बूट तिने स्वतः दारापाशी आणून ठेवले आणि ठकूला उठवलं. "चल, राणी. आजोबांबरोबर तळ्यावर जायचंय."

ठकू अंथरुणात उठून बसली. "मी नाही."

"का गं? आजोबा वाट बघतायत."

"नको. टोचतं."

"आता नाही टोचणार. आजोबाच लावणार आहेत गळ. तू नुसतं बसायचंस, पहिल्यासारखं."

"आत गेला की येत नाही बाहेर," ठकू म्हणाली.

आजोबा दारात उभे होते, बूट घालून, काठी घेऊन. त्यांनी ते ऐकलं. "असू दे," ते म्हणाले, "झोपू दे तिला." पण आईला ते असू देववेना. तिने समजावलं, गोष्ट सांगितली, येताना फुगा घेऊ म्हणाली, आणि अखेर ठकू निघाली. रस्ताभर ती आईच्या डाव्या बाजूला राहिली, कारण काठी उजवीकडे होती. आजोबांनी काठी दुसऱ्या खांद्यावर घेतली तशी ती मागून वळसा घालून आईच्या उजवीकडे आली.

तळ्याच्या कडेला फरसबंदी होती, आणि तिच्यावर दोघांच्या बसायच्या ठरलेल्या जागा असाव्यात. आजोबा न चाचपडता तिथे गेले आणि बाजूला जागा सोडून बसले. पाणी शांत होतं. लांब कुणीतरी होडी धूत होतं.

"ठकू, ये," त्यांनी हाक मारली. "दोरी धरतेस का? नुसती दोरी."

ठकू पाठीमागच्या झाडापाशी थांबली होती. तिने दोन्ही हातांच्या मुठी मिटल्या होत्या, अंगठे आत घालून.

"जा ना," आई म्हणाली. "बघ, मी येते तुझ्याबरोबर," आणि तिने दोन पावलं पुढे टाकली. तशी मागून तिचा ड्रेस घट्ट ओढला गेला.

"आई, नको ना! लागेल. डोळ्यात जाईल. मागे ये. मागे ये म्हणते ना!"

तो आवाज बारीक होता, पाच वर्षांच्या पोरीचा. पण त्यातला धाक, ती घाई, शेवटच्या शब्दावरचा तो दाब आईने ओळखला. घरात तो दुसऱ्या कुणाचा नव्हता. ती खाली बसली, ठकूला जवळ घेतलं, काहीतरी सांगायला तोंड उघडलं. आणि तिला काय सांगावं ते सुचेना. घाबरायला कसं शिकवायचं ते तिला येत होतं. त्याच्या उलटं कसं करतात, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तिने ते कुठे वाचलंही नव्हतं.

"घरी जाऊ या," ठकू तिच्या खांद्यात म्हणाली.

"जाऊ. थोड्या वेळाने."

आजोबांनी थोडी वाट पाहिली. पुन्हा हाक मारली नाही. मग गळ पाण्यात टाकला, आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर आपली पिशवी ठेवली.